पाचकवाल्याचं पोट

"थांबा जरा. आधी शेठ खाणार, मग तुम्ही," असं म्हणत मी नव्या डब्याचं झाकण काढलं आणि पुढं रेटणारी गिऱ्हाइकं पायरीवर थबकली.

शनिवार होता, बार्शीच्या बाजाराचा दिवस. पेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान. सुंठ, पिंपळी, ओवा, हिरडा, ज्येष्ठमध, असल्या मुळ्या-साली-बिया आम्ही विकायचो. पण लोक येत ते 'अप्पांच्या पाचका'साठी. अप्पा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन तोडकऱ्यांच्या घरात आले तेव्हा ते भिंतीवरच्या फोटोत गेलेले होते, पण त्यांचं पाचक अख्ख्या तालुक्याच्या पोटात होतं. पोट गुबारलं, करपट ढेकर आले, जावयानं बासुंदी जास्त ओढली, की माणूस आमच्या दुकानी हजर.

आणि दुकानाची एक रीत होती. अप्पांच्या काळात कुणीतरी आवई उठवली होती की तोडकरी पाचकात चुलीतली राख मिसळतात. अप्पा कुणाशी भांडले नाहीत. पुढच्या बाजारी नवा डबा पायरीवर आणून ठेवला, मोठा चमचा भरून पाचक सगळ्यांदेखत कोरडंच तोंडात टाकलं, वर पाणीसुद्धा प्यायले नाहीत. आवई तिथंच मेली. तेव्हापासून नवं पाचक कुटलं की पहिला चमचा मालकानं खायचा, चारचौघांसमोर, बिनपाण्याचा. त्याशिवाय जुनं गिऱ्हाईक पुडीला हात लावायचं नाही.

आता मालक म्हणजे आमचे हे, रेवणसिद्ध. ह्यांनी नेहमीसारखा चमचा भरला, लोकांकडं बघून हसले आणि तोंडात टाकला. पुढून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असणार. मी मागं गल्ल्याशी बसले होते, म्हणून मला पाठ दिसली. ह्यांचा डावा हात मागं आला होता आणि फळीची कड घट्ट धरून होता. माघातली सकाळ, हवेत गारठा, आणि ह्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरत होता.

"काय शेठ, या खेपेला मिरी जास्त पडली का?" एकानं विचारलं.

"झणझणीत नसेल तर ते पाचक कसलं?" हे म्हणाले. आवाज एकदम खणखणीत. "बोला, किती पुड्या बांधू?"

पुड्या खपल्या. गर्दी ओसरल्यावर हे मागच्या खोलीत गेले ते बाहेर येईनात. मी डोकावले तर सुंठीच्या पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, आणि हातात बिस्किटांचा पुडा.

"दुखतंय?" मी विचारलं.

"जाईल. पाचक खाल्लंय आत्ताच."

"ते खाल्ल्यापासूनच जास्त दुखतंय. मी बघितलंय."

"तू गल्ल्यावर जा. बाजाराचा दिवस आहे."

आता हे आजचं नव्हतं, बरं का. दिवाळीच्या फराळानंतर ह्यांचं पोट दुखायला लागलं होतं. आमच्या घरात पोट दुखलं की दुसरा विचारच नसायचा. सोनाराच्या पोरीला कुणी दागिने उसने आणायला सांगतं का? मीच सकाळ-संध्याकाळ पाचक कालवून दिलं. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा सुरू. मग मात्रा वाढवली. मग त्यात हिंग वाढवला. पोटाच्या दुखण्याला घरात अख्खं दुकान असल्यावर काय कमी होतं? तरी पोट काही ऐकेना. संक्रांत उलटेपर्यंत हे पहाटेच उठून बसायला लागले. काही खाल्लं की जरा उतार पडायचा आणि पोट रिकामं झालं की पुन्हा आग. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. ती ताटात तशीच राहू लागली. सदऱ्याची कॉलर ढिली झाली. दुकानाच्या पायऱ्या चढून आले की हे उगाच काहीतरी निमित्त काढून उंबऱ्यात थांबायचे, दम खायला.

"डॉक्टरकडं चला," असं मी म्हणत होतेच. म्हणत म्हणजे काय, डोकं खात होते.

"पेठेत नाक राहील का माझं?" ह्यांचं ठरलेलं उत्तर. "पाचकवाला तोडकरी पोट धरून डॉक्टरच्या बाकावर बसलाय म्हटल्यावर उद्यापासून आपली पुडी कोण घेईल? लोकं म्हणतील, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"मग सोलापूरला जाऊ. तिथं कोण ओळखतंय आपल्याला?"

"निम्मं सोलापूर आपलं गिऱ्हाईक आहे."

"मग पुण्याला जाऊ, मुंबईला जाऊ."

"महानंदा, पोटच दुखतंय ना? जाईल. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ध्यानात ठेव."

त्या झाकल्या मुठीत माझा नवरा वाळत चालला होता आणि मला नुसतं बघत बसायचं होतं. मी तशी मऊ बाई नाही. माहेरी सगळे मला 'तोफ' म्हणायचे. पण ह्या माणसापुढं तोफेचे गोळे संपले. रडून बघितलं, अबोला धरून बघितला, एकदा जेवणही सोडलं. जेवण सोडल्यावर मलाच चक्कर आली आणि ह्यांनी लिंबूसरबत करून दिलं.

त्या शनिवारी मात्र फळीला धरलेला तो हात बघितला आणि मनाशी म्हटलं, आता सरळ बोटानं तूप निघायचं नाही.

सोमवारी सकाळी ह्यांची पूजा आटोपली, विभूती लावून हे दुकानाच्या किल्ल्या घ्यायला स्वयंपाकघरात आले. मी ओट्याला धरून वाकले.

"काय झालं गं?"

"काही नाही. पोट दुखतंय."

मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. हे आता पाचकाचा डबा काढणार. मी म्हणणार, पाचकानं राहत नाही, मला डॉक्टरकडं न्या. हे नाही म्हणणार. मग मी आकांत मांडणार. दोन-तीन दिवस असा धिंगाणा घातला की बायकोच्या नावानं का होईना, माणूस दवाखान्याची पायरी चढेल. पुढचं पुढं.

पण डबा निघालाच नाही. हे जागच्या जागी उभे.

"कधीपासून?"

"झाले की दोन-अडीच महिने."

"अडीच महिने? आणि आज सांगतेस?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी जरा घाबरलेच, पण एवढं नाटक उभं केलंय तर पुरतं करावं म्हणून म्हटलं, "चमचाभर पाचक घेऊ का? बघू, बरं वाटतंय का."

"पाचकाला हात लावायचा नाही," हे म्हणाले.

ओरडून नाही, हळूच म्हणाले. पण तोडकऱ्यांच्या घरात, अप्पांच्या फोटोपासून चार हातांवर, हे वाक्य उच्चारलं गेलं होतं आणि तेही खुद्द मालकाच्या तोंडून. माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"पातळ बदल. पहिल्या गाडीनं सोलापूरला निघायचं. पोटाच्या मोठ्या डॉक्टर आहेत तिथं, मैंदर्गीकरबाई म्हणून."

"आणि दुकान?"

"दुकान गेलं खड्ड्यात."

आता मी काय म्हणावं? हसावं की रडावं, तेच कळेना. स्वतःसाठी जो माणूस महिनोन्‌महिने तयार झाला नाही, तो माझ्यासाठी सणालाही बंद नसणाऱ्या दुकानाला कुलूप ठोकून स्टँडवर निघाला होता. आणि डॉक्टरबाईंचं नाव, गाव, सगळं तोंडपाठ. म्हणजे चौकशी केलेली होती. कुणासाठी केली होती, कधी केली होती, हे मी तेव्हा विचारलं नाही.

एसटीत हे माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. गचका बसला की विचारायचे, "दुखलं का?" मी मान हलवायची. वाटेत गाडी थांबली तेव्हा मला दूध आणून दिलं. स्वतः काही घेतलं नाही. खिडकीकडं तोंड करून बसले होते, आणि मधूनच त्यांचा हात बेंबीच्या वर जाऊन दाबून धरायचा. मला बघवेना. एकदा वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण सांगितलं तर हा माणूस पुढच्या थांब्यावर उतरून परतीची गाडी धरेल, हेही ठाऊक होतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

दवाखान्यात बाकं भरलेली होती. हे पार कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला उभे राहिले. आमचा नंबर आला तेव्हा मात्र माझ्याआधी आत शिरले.

मैंदर्गीकरबाई पन्नाशीच्या असतील. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"कुणाला दाखवायचंय?"

"मला," मी म्हणाले.

"कुठं दुखतं?"

ह्यांचा हात रोज जिथं जायचा, नेमकं तिथं मी बोट ठेवलं. "इथं. छातीच्या खाली, मधोमध."

"कधी जास्त दुखतं?"

"पोट रिकामं असलं की आग पडते. काही खाल्लं की जरा बरं, मग पुन्हा तेच. पहाटे तर झोपेतून उठवतं."

"भूक?"

"निम्म्यावर आलीय."

"वजन कमी झालंय?"

"कपडे ढगळ व्हायला लागलेत."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळीही अंगानं चांगली भरलेली होते. पोलक्याच्या बाह्या दंडात रुतलेल्या.

"गिळताना अडकतं?"

"नाही."

"उलटीत कधी रक्त, काळं काही?"

"नाही."

"चढताना दम लागतो?"

"दुकानाच्या चार पायऱ्या चढल्या तरी लागतो."

माझ्या शेजारच्या खुर्चीत आता काही हालचाल नव्हती. मी तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढं बोलता आलं नसतं.

"शौचाला काळं होतं का? डांबरासारखं काळं, चिकट?"

झाली का पंचाईत. एवढं सगळं मी रोज बघून बघून पाठ केलं होतं, पण हे मला कुठून ठाऊक असणार? नवराबायकोत सगळं असतं, तरी तेवढं कोण कुणाला सांगतं? नाही म्हणावं तर पुढं अनर्थ, हो म्हणावं तर खोटं.

"होतं," हे म्हणाले.

बाईंनी मान वळवली. "तुम्हाला काय माहीत?"

हे टेबलाच्या काचेकडं बघत होते. "आठवडा झाला असेल. पाचकात काळं मीठ असतं, मला वाटलं त्यानं असेल."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पेशंट नक्की कोण आहे?"

"हे आहेत," मी म्हणाले. "मला काही झालेलं नाही, बाई. माझं पोट दगड पचवेल. पण ह्यांना असं आणल्याशिवाय हे आले नसते."

मला वाटलं, आता हे उठून तरातरा निघून जातील. परक्या बाईसमोर नवऱ्याला असं उघडं पाडलं म्हणून वर्षभर बोलणार नाहीत. हे माझ्याकडं वळले.

"तुझं दुखत नाही?"

"नाही."

"अजिबात नाही? मधूनमधूनही नाही?"

"नाही हो. शपथ."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की हा माणूस रडतोय. "मग झालं," हे हातांच्या आडून म्हणत होते. "मग झालं. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"काही होऊ देणार नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "तिकडं टेबलावर आडवे व्हा. आणि काळ्या मिठानं असं होत नाही. पोटात कुठंतरी रक्त झिरपतंय. घरी परत जायचं नाही, आजच दाखल व्हायचं."

रक्त तपासलं तर फारच कमी भरलं. बाटली चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून दुर्बीण घालून आत बघितलं. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, जठरात जखम आहे, मोठी आहे, रक्त थांबवलंय. जखमेचा बारीक तुकडा तपासायला पाठवलाय. जखम कशाची आहे हे कळायला दोन-चार दिवस लागतील.

"कशाची म्हणजे?" मी विचारलं.

"ते कळेपर्यंत अंदाज करत बसू नका," बाई म्हणाल्या.

हे असं सांगून माणूस थांबतो होय? माझ्या डोक्यात अंदाजांची जत्रा भरली. देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. नवसही बोलले आणि दोन शब्द सुनावलेही. पण हे मात्र पलंगावर शांत पडलेले. इतके शांत की मला संशय यायला लागला.

दुपारी वॉर्डात जरा सामसूम झाल्यावर मी विचारलं, "रागावलात का?"

"नाही."

"मग बोलत का नाही?"

हे छताकडं बघत राहिले. "महानंदा, अप्पा कशानं गेले, ठाऊक आहे तुला?"

"झोपेत गेले. पुण्यवान माणूस, सगळी पेठ सांगते."

"पेठेला आम्ही तसं सांगितलं. अप्पांचं पोट दुखायचं. वर्षभर दुखत होतं. मागच्या खोलीत त्या पोत्यावर पालथे पडून असायचे, आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की तोंड पुसून हसत जायचे. पाचक मीच कालवून द्यायचो त्यांना. म्हणाले, रेवण, हे बाहेर बोलायचं नाही, पाचकवाल्याचं पोट दुखतं म्हटल्यावर आपण संपलो. शेवटी शेवटी घासही उतरत नव्हता, तरी बाजाराच्या दिवशी चमचा खायचे. डॉक्टरकडं नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, फार उशीर केलात. ह्याच गावात म्हणाले, सोलापुरात."

इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला, आणि हे त्यांनी एकट्यानं पोटात ठेवलं होतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं," मी म्हणाले. "काय झालं की डॉक्टरकडं जायचं, किती थांबायचं, सगळं. तरी तुम्ही गेला नाहीत?"

"कळत होतं म्हणूनच गेलो नाही गं. दुखायला लागलं त्याच आठवड्यात मला वाटलं, अप्पांचंच आलं. डॉक्टरचं नाव काढून ठेवलं, गाडीच्या वेळा बघून ठेवल्या, आणि पाय निघेना. डॉक्टरनं तोंडानं म्हणेपर्यंत ते नसतं ना. पेठेतलं नाक वगैरे तुला सांगायला होतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पण तू ओट्याला धरून उभी राहिलीस तेव्हा डोळ्यांपुढं अप्पाच आले. तिथं मला क्षणभर थांबवेना."

मी तशी फटकळ, पण त्या वेळी फक्त त्यांचा हात धरून बसले. मग न राहवून म्हणालेच, "बायकोसाठी अक्कल आहे आणि स्वतःसाठी नाही. असा माणूस देवानं माझ्याच नशिबी का घातला?" ह्यांना हसू आलं. दाखल झाल्यापासून पहिल्यांदाच हसले.

गुरुवारी बाईंनी आम्हाला बोलावलं. हातात कागद होता. खुर्चीवर बसायच्या आधीच हे म्हणाले, "सांगून टाका."

"गाठ नाही," बाई म्हणाल्या. "जखम आहे. अल्सर. जंतूंमुळं झालाय आणि तुम्ही त्यावर रोज मिरी-सुंठ चोळत होता. जंतूंसाठी दोन आठवड्यांच्या गोळ्या देते, जखम भरायला त्याहून जास्त दिवसांच्या. नीट घेतल्यात तर बरे व्हाल. नंतर पुन्हा एकदा दुर्बिणीनं बघू."

मी टेबलावरची बाईंची पाण्याची बाटली उचलली आणि घटाघटा प्यायले. त्यांना न विचारता. सुटलो, सुटलो, एवढंच डोक्यात चाललेलं. ह्यांच्या तोंडावर मात्र हसू येता येता थांबलं.

"बाई, म्हणजे माझ्या वडलांचंही आधी असंच असेल का? गोळ्यांनी बरं होण्यासारखं? वेळेवर आणलं असतं तर?"

बाईंनी सगळी हकीकत विचारली, ह्यांनी सांगितली.

"ते आता मी काय, कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं आखूड बोलणं पहिल्यांदाच जरा मऊ झालं. "त्या काळी ह्या जंतूंची औषधंही नव्हती. पण तुम्ही विशीतलं पोर होता आणि वडील बोलू नकोस म्हणाले होते. त्याचा दोष स्वतःकडं घेऊ नका."

ह्यांनी डोळे पुसले. मग एकदम व्यापाऱ्याच्या आवाजात विचारलं, "आता आमचं पाचक बंद करायचं का?"

"लग्नाचं जेवण अंगावर आलं म्हणून कुणी चिमूटभर पाचक खाल्लं, तर मी भांडायला येणार नाही. पण तेच दुखणं दोन आठवडे हटत नाही, झोपेतून उठवतं, भूक मेलीय, वजन उतरतंय, असा माणूस आला तर पुडी बांधू नका. डॉक्टरकडं पाठवा. आणि शौच काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पाठवा. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. तुमच्या स्वतःच्या पोटात तर पाचक जाता कामा नये."

"पण नव्या डब्याचा पहिला चमचा?"

"तो मी खाईन," मी म्हणाले. "माझं पोट दगड पचवतं."

परतीच्या गाडीत हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. चारचौघांत कधी हातही न धरणारा माणूस. पिशवी मी मांडीवर घेतली होती. बार्शी आली तरी मला उठवावंसं वाटेना.

आता हे सगळं इथंच संपलं असतं. गोळ्या घेतल्या, दुखणं गेलं, भाकरी-चटणी ताटात परत आली. पेठेला आम्ही सांगितलं होतं की माहेरी कार्य होतं. मूठ झाकलेली राहिली असती आणि मीही काही बोलले नसते. माणूस हाती लागला होता, मला तेवढं बास होतं.

पण मैंदर्गीकरबाईंनी महिन्यानं रक्त तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. ते बार्शीतही चालणार होतं. मी म्हटलं, मागच्या गल्लीत एक लॅब आहे, सकाळी लवकर गेलात तर कुणी बघणार नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी, पेठेत मुंगी शिरायला जागा नसते अशा वेळी, दुकान बंद केलं आणि समोर सुरवसे डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. तिथं आत जागा कमी, म्हणून बाक बाहेर रस्त्यावरच टाकलेला असतो. हे त्या बाकाच्या मधोमध जाऊन बसले. मी शेजारी. येणारा-जाणारा वळून बघत होता. ह्यांचे कान लाल झाले होते, पण उठले नाहीत.

तेवढ्यात निवृत्ती शिराळ आला. पेठेतच त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. दुकानाला कुलूप बघून शोधत आला असावा.

"अहो शेठ, पाचक पाहिजे होतं आणि तुम्ही इकडं?" मग बाक बघितला, दवाखान्याची पाटी बघितली आणि त्याच्या ओठांवर हसू फुटायला लागलं. "तुम्ही पोट दाखवायला? तुमच्या पोटाला तुमचं पाचक लागू पडलं नाही का?"

बाकावरची सगळी माणसं ऐकायला लागली. समोरचा पानवालाही चुना लावायचा थांबला.

"नाही पडलं," हे म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोटात जखम झाली होती आणि मी पाचक खात बसलो होतो. मरता मरता वाचलोय." मग निवृत्तीला खालून वर न्याहाळलं. "तू गेल्या आठवड्यात पुडी नेली होतीस ना? त्याच्या आधीही?"

"नेली की."

"पुन्हा तेच दुखणं?"

निवृत्तीचं हसू विरलं. त्यानं नुसता पोटावरून हात फिरवला.

"किती दिवस झाले?"

"झाले असतील… संक्रांतीपासून."

हे बाकावर सरकले. मलाही कोपरानं सरकवलं. "बस इथं. माझ्यानंतर तुझा नंबर."